हापोची खूण

२४ मे १९४८. एअर कमोडोर मेहर सिंग यांनी एक डाकोटा विमान लेहच्या माळावर उतरवलं. शेजारी मेजर जनरल थिमय्या होते आणि खाली सोनम नोरबू या लडाखी अभियंत्यानं गावकऱ्यांना हाताशी धरून सपाट केलेली कच्ची धावपट्टी होती. उंची अकरा हजार फुटांच्या वर. त्या दिवशी लेह वाचलं, ही गोष्ट लष्करी इतिहासात नोंदली गेली आहे. वैद्यकाच्या इतिहासात मात्र त्या दिवसाची नोंद वेगळ्या कारणासाठी व्हायला हवी. श्रीनगरहून झोजी ला ओलांडून लेहला पोचायला घोड्याखेचरांच्या काफिल्याला दोन आठवडे लागत. वाटेतल्या प्रत्येक मुक्कामावर शरीर थोडं थोडं उंचीला सरावत जाई. विमानानं हे दोन आठवडे तासाभरावर आणले. माणूस तासात वर पोचला, पण शरीराला लागणारा वेळ तेवढाच राहिला.

याची किंमत चौदा वर्षांनी कळली. १९६२ च्या ऑक्टोबरात चीनशी युद्ध पेटलं आणि मैदानी मुलखातल्या पलटणी लडाखकडे धाडाव्या लागल्या. चौदा हजार फुटांवरच्या चुशूलला तर एएमएक्स-१३ रणगाडेसुद्धा विमानातून उतरवले गेले. युद्ध महिन्याभरात थांबलं, पण फौज वरच राहिली. काल उष्ण मैदानात घाम गाळणारा जवान आज लेहच्या थंडीत, समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांश हवेच्या दाबात उभा होता.

पहिला दिवस बहुधा बरा जाई. डोकं दुखे, भूक मरे, एवढंच. दुसऱ्या किंवा तिसऱ्या रात्री कोरडा खोकला सुरू होई. सकाळी चार पावलं चालायला दम लागे, दुपारी पडल्यापडल्याही लागे. ओठ-नखं निळसर पडत. छातीला कान लावला तर पाण्यातून हवा जावी तसा बुडबुड आवाज येई आणि खोकल्यातून गुलाबी फेस पडे. धडधाकट, विशी-पंचविशीतला तरुण जणू कोरड्या जमिनीवर बुडत असे. त्याला विमानात घालून खाली आणलं, तर दोन-तीन दिवसांत तो उठून चालू लागे. खाली आणायला उशीर झाला, तर तो राही की जाई, याचा भरवसा नसे.

भारतीय लष्करात या आजाराला ‘हापो’ म्हणतात. हाय अल्टिट्यूड पल्मनरी इडीमा, म्हणजे उंचीमुळे फुप्फुसांत पाणी भरणं. ‘इडीमा’चं ब्रिटिश स्पेलिंग ‘ओ’नं सुरू होतं म्हणून हापो, अमेरिकी स्पेलिंग ‘ई’नं सुरू होतं म्हणून तिकडे हेप. सियाचिनला जाऊन आलेल्या कुठल्याही फौजीला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

लेहच्या लष्करी रुग्णालयात एन. डी. मेनन यांनी या रुग्णांच्या नोंदी बारकाईनं ठेवल्या आणि १९६५ मध्ये १०१ रुग्णांचा अभ्यास ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आणला. त्याच वर्षी इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा ३३२ रुग्णांवरचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला. १९६९ मध्ये सिंग यांच्या गटानं उंचीच्या आजारानं पछाडलेल्या १,९२५ जवानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तोवर जगात या विकाराचे रुग्ण एकेरी-दुहेरी आकड्यांत मोजले जात. लडाखच्या तंबूंतून आलेल्या या शेकड्यांनी जगाचं चित्र बदललं. यातली एक नोंद पुढे फार महत्त्वाची ठरली. महिनोन्महिने वर राहिलेला, पुरता सरावलेला जवान रजेवर घरी जाऊन परतला, की त्यालाही हापो होई. गावी काढलेल्या दिवसांत शरीर सगळं विसरून जाई.

आजार मात्र नवा नव्हता. २ सप्टेंबर १८९१ रोजी माँ ब्लां पर्वतावरच्या वालो निवाऱ्यात झाकोते नावाचा तरुण डॉक्टर मरण पावला. उंचीचा शरीरावर काय परिणाम होतो ते पाहावं, म्हणून सोबत्यांनी विनवूनही तो खाली उतरला नव्हता. शवविच्छेदनात त्याची फुप्फुसं पाण्यानं भरलेली आढळली. इटालियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँजेलो मोस्सो यांनी ही हकिगत आपल्या पुस्तकात नोंदवली, पण तिचा अर्थ कुणाला पुरता लागला नाही. १९१३ मध्ये चिलीतल्या खाणींवर काम करणाऱ्या थॉमस रेवनहिल या डॉक्टरनं ‘पुना’चे, म्हणजे तिथल्या उंचीच्या आजाराचे तीन प्रकार सांगितले. त्यातल्या ‘हृदयाच्या’ प्रकाराचं वर्णन आज वाचलं, तर तो हापोच होता यात शंका उरत नाही. तो लेख एका उष्णदेशीय वैद्यकाच्या नियतकालिकात छापला गेला आणि विस्मरणात गेला. पेरूच्या डॉक्टरांनी १९३७ पासून स्पॅनिशमध्ये जे लिहिलं, तेही इंग्रजी वाचणाऱ्या जगापर्यंत पोचलं नाही. अर्ध्या शतकाहून अधिक काळ डॉक्टर या आजाराला न्यूमोनिया म्हणत राहिले. बर्फात भिजला, गारठा बाधला, छातीत कफ साठला, अशीच समजूत होती.

ही कोंडी फोडली चार्ल्स ह्यूस्टन यांनी. ते गिर्यारोहक होते, १९३८ आणि १९५३ च्या के-टू मोहिमांचे नेते होते आणि कोलोरॅडोतल्या अ‍ॅस्पेन गावात डॉक्टरकी करत होते. डोंगरात अडकलेल्या एका तरुण स्कीअरला त्यांच्याकडे आणलं गेलं. न्यूमोनिया म्हणावा तर त्याची चिन्हं जुळेनात, हृदय निकामी म्हणावं तर हृदय ठणठणीत. १९६० मध्ये ह्यूस्टन यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये लिहिलं, की हृदयविकार नसलेल्या निरोगी माणसाच्या फुप्फुसांतही केवळ उंचीमुळे पाणी भरू शकतं. पुढे दोनच वर्षांनी हेच ह्यूस्टन अमेरिकेच्या ‘पीस कोअर’चे भारतातले पहिले संचालक म्हणून दिल्लीत आले. त्याच काळात त्यांनी ओळख पटवलेला आजार लडाखमध्ये पलटणी गारद करत होता.

नाव मिळालं, पण कारण कळलं नव्हतं. हृदय धड असेल, तर पाणी येतं कुठून?

स्टॅनफर्डच्या हर्बर्ट हल्टग्रेन यांनी पेरूत रुग्णांच्या हृदयात नळी सरकवून दाब मोजले. दिल्लीच्या एम्समधल्या सुजॉय रॉय यांच्या गटानं लडाखहून आलेल्या जवानांवर तसेच प्रयोग केले. त्यांचा लेख १९६९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये आला. दोन्हीकडून एकच उत्तर मिळालं. हृदयाच्या डाव्या बाजूचा दाब नेहमीसारखा, फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीतला दाब मात्र भयंकर वाढलेला.

फुप्फुसाच्या एखाद्या भागात ऑक्सिजन कमी पडला, की तिथल्या रक्तवाहिन्या आक्रसतात आणि रक्त चांगल्या भागाकडे वळवतात, हे १९४६ मध्ये फॉन ऑयलर आणि लिल्येस्ट्रांड यांनी मांजरांवर दाखवलं होतं. खाली, समुद्रसपाटीवर, ही सोय फायद्याची. उंचीवर मात्र सगळंच फुप्फुस ऑक्सिजनला भुकेलेलं असतं, म्हणून सगळ्याच वाहिन्या आक्रसतात, पण सगळ्या सारख्या नाही. जिथे कमी आक्रसतात तिथे रक्ताचा लोंढा येतो आणि कांद्याच्या पापुद्र्याहून कितीतरी पातळ अशा केशवाहिन्यांच्या भिंतींना तो पेलत नाही. पावसाळ्यात धरणाचे बाकीचे दरवाजे अडकले आणि दोनच उघडे राहिले, तर त्या दोन दरवाजांखालच्या कालव्यांच्या काठांचं जे होईल, तसंच काहीसं.

हे सगळं कळूनही डॉक्टरांना छळणारा प्रश्न सुटला नाही. एकाच विमानातून शंभर जण उतरतात. सारखंच खातात, सारख्याच तंबूत झोपतात. त्यातल्या काहींनाच हापो होतो, बाकीचे शड्डू ठोकून उभे राहतात. ज्याला एकदा झाला, त्याला पुन्हा होण्याची शक्यता मोठी. म्हणजे त्याच्या शरीरात काहीतरी वेगळं आहे. मग ते वेगळेपण रक्ताच्या थेंबात दिसत नसेल का? चढण्याआधी दंडातून पाच मिलिलिटर रक्त घ्यावं आणि सांगावं, ‘तू जा, तू थांब’, असं होऊ शकेल का? पुढच्या पन्नास वर्षांची कथा या एका प्रश्नाभोवती फिरते. ती विजयाची कथा नाही, तरीही ती सांगण्याजोगी आहे, कारण उमेदीनं हाती घेतलेली खूण पडताळून पाहायची आणि चूक निघाली तर सोडून द्यायची, हे या माणसांनी पुन्हा पुन्हा केलं.

पहिली उमेद गुठळ्यांची होती. १९६४ मध्ये नायक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हापोनं दगावलेल्या जवानांच्या शवविच्छेदनाचे निष्कर्ष छापले. फुप्फुसांच्या बारीक वाहिन्यांत रक्ताच्या गुठळ्या साठलेल्या दिसल्या होत्या. इंदर सिंग आणि आय. एस. चोहान यांनी तो धागा धरला. जवानांच्या रक्तातले गोठवणारे घटक, प्लेटलेटचा चिकटपणा, गुठळ्या विरघळवण्याची शक्ती, हे सगळं त्यांनी तपासलं आणि १९७२ मध्ये मांडणी केली, की उंचीवर रक्ताचा गोठण्याकडे कल वाढतो आणि त्यातूनच फुप्फुसातला दाब चढतो. मांडणी पटण्यासारखी होती. उंचीवर गुठळ्या होतात हे गिर्यारोहकांनाही ठाऊक होतं. १९५३ मध्ये के-टूवर ह्यूस्टन यांचा सोबती आर्ट गिल्की पायात गुठळी होऊनच अडकला होता आणि त्याला खाली उतरवताना तो गेला. शिवाय गुठळ्या होऊ लागल्या की रक्तात त्यांचे तुकडे सापडतात, आणि ते मोजता येतात. खूण सापडली, असं वाटलं.

तिचा निकाल लागायला सतरा वर्षं लागली आणि तो लागला आल्प्समध्ये. माँते रोझाच्या एका शिखरावर, ४,५५९ मीटरवर, कापान्ना मार्गेरिता नावाची झोपडी आहे. इटलीच्या राणीचं नाव तिला दिलेलं आहे. १८९३ पासून तिथे झोपडी आहे आणि ज्या मोस्सोंनी झाकोतेची हकिगत नोंदवली, त्यांनीच तिथे पहिले प्रयोग केले. एका अर्थी हापोच्या सगळ्या वाटा या झोपडीतून जातात. १९८० च्या दशकात पीटर बेर्च आणि त्यांचे स्विस सहकारी तिथे प्रयोगशाळा थाटून बसले. त्यांनी एक साधी, पण तोवर कुणी न केलेली गोष्ट केली. ज्यांना पूर्वी हापो झाला होता अशा स्वयंसेवकांना वर नेलं आणि आजार व्हायच्या आधीपासून त्यांचं रक्त वारंवार घेतलं. आधीचं रक्त, चढतानाचं रक्त, त्रास सुरू झाल्यावरचं रक्त, असं सगळं हाताशी.

१९८९ मध्ये आकडे आले. फायब्रिनोपेप्टाइड-ए, म्हणजे गुठळी बनू लागल्याची खूण, आजाराच्या सुरुवातीला वाढलेली नव्हती. फुप्फुसात पाणी भरून आजार बळावला, तेव्हाच ती वाढली. म्हणजे गुठळ्या आजाराच्या मागून येतात. आग लागल्यावर राख सापडते, तशी ती सापडत होती. जवानांच्या शवविच्छेदनात दिसलेल्या गुठळ्या खऱ्याच होत्या आणि सिंग-चोहान यांची मोजमापंही खरी होती. पण ती पाहिली गेली ती आजारी माणसात, आजाराच्या शेवटाकडे. काळाचा क्रम उलटा वाचला गेला होता.

या संशोधनातली ही सर्वांत मोलाची शिकवण आहे असं म्हणावंसं वाटतं, आणि तिचं श्रेय एकट्या स्विस गटाला देणं अन्यायाचं होईल. लडाखच्या डॉक्टरांपुढे तेव्हा रुग्ण होते, स्वयंसेवक नव्हते. गुदमरणाऱ्या जवानाला आधी ऑक्सिजनची नळी लावायची की आधी रक्ताचा नमुना घ्यायचा, या प्रश्नाला कुठल्याही सच्च्या डॉक्टरचं एकच उत्तर असतं. नमुना नंतरचा असतो तो याच कारणानं.

दुसरी उमेद दाहाची. दाह म्हणजे शरीराची लढाऊ प्रतिक्रिया. पेशी धावतात, रसायनं सुटतात, वाहिन्यांच्या भिंती गळू लागतात. अलास्कातल्या डेनाली पर्वतावर १४,२०० फुटांवरच्या तळावर पीटर हॅकेट आणि रॉबर्ट शोएन यांनी आजारी गिर्यारोहकांच्या फुप्फुसात नळी घालून तिथलं पाणी धुऊन काढलं आणि तपासलं. वादळात डुलणाऱ्या तंबूंच्या मुलखात हे काम करणं म्हणजे काय, याची कल्पनाच केलेली बरी. १९८६ मध्ये निष्कर्ष आले. त्या पाण्यात प्रथिनं भरपूर होती, मोठ्या आकाराचीही होती, आणि दाहाची रसायनंही होती. मग रक्तातही दाहाची खूण, इंटरल्यूकिन-६, सीआरपी वगैरे, शोधली जाऊ लागली.

पुन्हा निर्णय मार्गेरिताच्या झोपडीत झाला. एरिक स्वेन्सन, मार्को माज्जोरिनी आणि सहकाऱ्यांनी यावेळी पाणी काढलं ते वर पोचल्याच्या पहिल्याच दिवशी, आजार जेमतेम सुरू होत असताना. २००२ मध्ये त्यांनी लिहिलं, की पाण्यात प्रथिनं आहेत, तांबड्या पेशीही आहेत, पण दाहाची रसायनं नाहीत. म्हणजे भिंत दाबानं फाटते, दाह मागून येतो. तोच धडा, दुसऱ्यांदा.

दाब हा मूळ खलनायक ठरला, आणि त्यावरचा उपचार तर आधीच सापडला होता. रक्तदाबावर दिली जाणारी निफेडिपीनची गोळी फुप्फुसातला दाबही उतरवते, हे ओएल्झ आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दाखवलं. १९९१ मध्ये बेर्च यांच्या गटानं हापोचा पूर्वेतिहास असलेल्या २१ जणांना मार्गेरिताला नेलं. खोटी गोळी घेतलेल्या ११ जणांपैकी ७ जणांना हापो झाला, खरी गोळी घेतलेल्या १० पैकी एकालाच. इतका लहान प्रयोग आणि इतका स्पष्ट निकाल वैद्यकात क्वचित दिसतो.

तरीही ‘कोणाला होणार’ हा प्रश्न उरलाच. दाबच कारण असेल, तर दाब वाढवणारी आणि उतरवणारी रसायनं तपासायला हवीत. वाहिन्या आक्रसवणारं एंडोथेलिन हापोप्रवण माणसांत उंचीवर जास्त सुटतं, असं लोझानच्या गटानं १९९९ मध्ये दाखवलं. वाहिन्या सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड हा वायू त्यांच्या श्वासात कमी असतो, हेही त्याच सुमारास दिसलं. इथे शोधाचा मोहरा बदलला. आजाराची राख उकरण्याऐवजी लोक आता माणसाचा मूळ पिंड पाहू लागले.

जपानमधल्या मात्सुमोतोच्या शिन्शू विद्यापीठानं १९९८ मध्ये प्रतिकारशक्तीच्या जनुकांतले दोन प्रकार आणि २००२ मध्ये नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या जनुकातले फरक हापोशी जोडले. दिल्लीत ‘इन्स्टिट्यूट ऑफ जीनॉमिक्स अँड इंटिग्रेटिव्ह बायॉलॉजी’मध्ये एम. ए. क्यू. पाशा यांच्या गटानं हाच धागा लडाखपर्यंत नेला. त्यांच्या कामात एक गोष्ट फार शहाणपणाची होती, ती म्हणजे तुलना कोणाशी करायची याची निवड. नुसती आजारी आणि निरोगी अशी तुलना फसवी असते, कारण वर गेलेल्या प्रत्येकाचं रक्त बदलतं. म्हणून त्यांनी तीन गट घेतले. हापो झालेले मैदानी लोक, तितक्याच उंचीवर जाऊनही धडधाकट राहिलेले मैदानी लोक, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहणारे लडाखी.

तिसरा गट महत्त्वाचा होता. या उंचीची परीक्षा हजारो वर्षांपूर्वीच पास झालेली माणसं ती. अशाच उंचीवर राहणाऱ्या तिबेटी लोकांच्या रक्तात नायट्रिक ऑक्साइडपासून बनणारी द्रव्यं मैदानी लोकांच्या दहापटीहून अधिक असतात, हे २००७ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटानं दाखवलं. निसर्गानं उत्तर लिहून ठेवलं होतं. ते मैदानी माणसाच्या रक्तात किती अपुरं आहे, एवढंच मोजायचं होतं.

पाशा यांच्या गटाचं २०१५ चं काम ‘एपेलिन’ या रसायनावर होतं. वाहिनीच्या आतल्या अस्तराला ‘नायट्रिक ऑक्साइड बनव’ असा निरोप देणाऱ्यांपैकी एपेलिन एक. हापोच्या रुग्णांत एपेलिन आणि नायट्राइट दोन्ही कमी दिसले. एपेलिनच्या जनुकावर मिथाइलचे शिक्के वेगळ्या रीतीनं बसलेले होते, म्हणजे जनुक असूनही त्याला गप्प केलं गेलं होतं. या लेखावर दिल्लीच्या शास्त्रज्ञांबरोबर ताशी थिनलास आणि गुलाम मोहम्मद या लेहच्या डॉक्टरांची नावं आहेत. ते ज्या रुग्णालयात काम करत, त्याचं नाव सोनम नोरबू स्मृती रुग्णालय. १९४८ मध्ये धावपट्टी बांधणाऱ्या त्याच अभियंत्याच्या नावाचं. त्या धावपट्टीच्या वाटेनं आलेल्या पाहुण्यांवर आज त्याच नावाच्या छपराखाली उपचार होतात.

समांतर वाट संरक्षण खात्याच्या ‘डिपास’ या संस्थेची. तिची स्थापनाही १९६२ मधलीच. तिथल्या यास्मिन अहमद आणि सहकाऱ्यांनी एकेका रसायनामागे धावण्याऐवजी अख्ख्या रक्तद्रवातली प्रथिनं एकदम पसरून पाहायचं ठरवलं. रक्तद्रव जेलच्या चौकोनी पातळ पट्टीवर ठेवायचा, विजेच्या जोरावर प्रथिनांना आधी एका दिशेला आणि मग दुसऱ्या दिशेला पळवायचं. मग पट्टीवर ठिपके उमटतात, एकेक ठिपका म्हणजे एकेक प्रथिन. रांगोळीच्या ठिपक्यांत एखादा ठळक किंवा फिकट पडावा, तसा रुग्णाच्या आणि निरोगी माणसाच्या पट्टीतला फरक शोधायचा. वाटतं तितकं हे सोपं नाही. रक्तद्रवातल्या प्रथिनांत निम्म्याहून अधिक वाटा एकट्या अल्ब्युमिनचा. त्याच्या गर्दीत बाकीची झाकोळून जातात.

२०११ मध्ये त्यांनी दोन नावं पुढे केली, हॅप्टोग्लोबिन आणि अपोलायपोप्रोटीन ए-१. तांबड्या पेशी फुटून मोकळं झालेलं हिमोग्लोबिन उचलणं हे हॅप्टोग्लोबिनचं काम. अपोलायपोप्रोटीन ए-१ हे ‘चांगल्या’ म्हटल्या जाणाऱ्या कोलेस्टेरॉलच्या वाहनाचं मुख्य प्रथिन. दोन्हींचं प्रमाण हापोत बदललेलं आढळलं. हे काम महत्त्वाचं आहे, कारण कुठल्याही पूर्वग्रहाशिवाय रक्तालाच बोलू दिलं गेलं. पण हॅप्टोग्लोबिन हे शरीराच्या साध्या-मोठ्या कुठल्याही संकटात वर जाणारं प्रथिन आहे. ताप आला, जखम झाली, तरी ते हलतं. आणि ज्या रक्तात हे फरक दिसले, ते आजारी माणसाचं रक्त होतं. मार्गेरिताचा जुना प्रश्न इथेही दार ठोठावतो. ही आधीची खूण, की नंतरची?

हृदयावर ताण आला की वाढणारं बीएनपी हे रसायनही हापोत वाढतं. त्याचा उपयोग होतो, पण तो आजार ओळखून झाल्यावर. आणि ते इतर कारणांनी हृदय थकल्यावरही वाढतंच. म्हणून ज्याच्या आधारे पलटणीतला एखादा जवान वेगळा काढून खाली ठेवावा, असा एकही रक्ताचा आकडा आज लष्कराच्या हाती नाही.

या प्रवासात पुण्याचा वाटा आहे, तो फारसा बोलला जात नाही. सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडलेले कितीतरी तरुण डॉक्टर पहिल्याच नेमणुकीत पलटणीसोबत उंचावर जातात. हापोचा रुग्ण पाठ्यपुस्तकाबाहेर पहिल्यांदा पाहतात तो बहुधा टॉर्चच्या उजेडात. याच महाविद्यालयातून निघणाऱ्या सैन्य वैद्यकाच्या नियतकालिकात त्यांचे अनुभव वर्षानुवर्षं छापले जात आले आहेत. तंबूतल्या डॉक्टरच्या हाती काय असतं? स्टेथोस्कोप, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, ऑक्सिजनचं सिलिंडर, निफेडिपीनच्या गोळ्या, आणि रुग्णाला आत झोपवून पंपानं हवेचा दाब वाढवायची ‘हापो बॅग’, म्हणजे हेलिकॉप्टर येईपर्यंत काही हजार फूट खाली उतरल्याचा आभास देणारी पिशवी. ऑक्सिमीटरवरचा आकडा खाली, छातीत बुडबुड, आदल्या रात्रीपासून खोकला, इतकं दिसलं की निदान झालं. रक्त तपासायला वेळ नसतो, गरजही नसते.

मग शोध कशासाठी? तो आता फौजेपुरता राहिलेला नाही. दर उन्हाळ्यात मुंबई-पुण्याहून हजारो मराठी कुटुंबं लेहला विमानानं उतरतात. विमानतळ ३,२५६ मीटरवर. आल्यावर पहिले एक-दोन दिवस नुसते विश्रांतीत घालवा, असं लडाखचं प्रशासन कळकळीनं सांगतं, पण सहलीच्या कार्यक्रमात दिवस मोजके असतात. दुसऱ्याच दिवशी पाच हजार मीटरच्या वर खारदुंग ला गाठायचा बेत असतो. गाडीत बसून वर जाणाऱ्याला काही श्रम झाल्यासारखं वाटत नाही, म्हणून धोकाही जाणवत नाही. जवानाकडे त्याचा डॉक्टर असतो, सक्तीचे नियम असतात. पर्यटकाकडे यातलं काही नसतं. ज्याचं रक्त आधीच बोलू शकेल अशी खूण खऱ्या अर्थानं त्यालाच हवी आहे. नायट्राइट, एपेलिन, जनुकांतले बारीक फरक, हे सगळं एकत्र जुळवून धोक्याचा अंदाज बांधण्याचे प्रयत्न चालू आहेत. अडचण अशी, की एकेका जनुकाचा भार फार हलका असतो आणि अभ्यासांतली माणसं शेकड्यांतच मोजण्याइतकी.

तोवर लष्कर जुन्या हिशोबावर चालतं, आणि तो हिशोब १९६० च्या दशकातल्या त्याच ३३२ आणि १,९२५ जणांच्या अनुभवातून घडत गेला आहे. नऊ हजार ते बारा हजार फुटांवर सहा दिवस. पहिले दोन पूर्ण विश्रांती, मग हळूहळू चालणं, मग चढण. बारा ते पंधरा हजारांवर आणखी चार दिवस. त्याच्या वर पुन्हा चार. सातारा-कोल्हापूरकडचा मराठा पलटणीतला शिपाई वर्ष-वर्ष उंचीवर काढतो, महिन्याहून जास्त रजा घेऊन गावी येतो, सुगी उरकतो, लेकराचं जावळ करतो आणि परत लेहला उतरतो. तिथे त्याची चौकी कितीही वाट पाहत असो, त्याचं नाव पुन्हा पहिल्या टप्प्याच्या यादीत लिहिलं जातं, आणि मोजणी एक दिवसापासून सुरू होते.